सावकाश जगणारा साप

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मध्यभागी क्वाबिन नावाचा विस्तीर्ण जलाशय आहे. बॉस्टन शहराला पाणी पुरवण्यासाठी १९३० च्या दशकात तो बांधला गेला, तेव्हा डेना, एन्फील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे उठवली गेली आणि खोऱ्यातल्या उंच टेकड्यांचे माथे तेवढे बेटे होऊन पाण्याबाहेर राहिले. माउंट झायन हे त्यांपैकी एक मोठे बेट. तिथे लोकांना जाण्यास मनाई आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने असा प्रस्ताव मांडला, की या बेटावर टिंबर रॅटलस्नेक या, शेपटीचा खुळखुळा वाजवणाऱ्या विषारी सापाची छोटी वसाहत नव्याने वसवावी. शेजारच्या ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातील प्राणिसंग्रहालयात वाढवलेली पिल्ले थोडी थोडी करून तिथे सोडायची होती, कारण राज्यात ठिकठिकाणी विखुरलेले असे साप सगळे मिळून दोनशेच्या आसपासच उरले होते. प्रस्ताव जाहीर होताच जलाशयाभोवतीच्या गावांत खळबळ उडाली. साप पोहून काठावर येतील, फिरायला जाणाऱ्यांना चावतील, आणि पुढे संरक्षित प्राण्याच्या नावाखाली जंगलातल्या पायवाटाच बंद होतील, अशा शंका सभांमधून मांडल्या गेल्या. लोकप्रतिनिधींनीही विरोध केला आणि २०१७ मध्ये ही योजना थांबवण्यात आली.

मी याच राज्यात राहते, पण वाढले ती सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात, वारणेच्या काठी. धरणासाठी गाव उठणे म्हणजे काय, हे चांदोलीमुळे आमच्याकडच्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही, आणि सापाची भीती म्हणजे काय, हेही सांगावे लागत नाही. उसाच्या फडात घोणस निघते, गवताच्या गंजीखाली नाग असतो, पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार झोपेतच चावते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अमेरिकेत वर्षाकाठी सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांतली पाचेक माणसे मरण पावतात. मॅसॅच्युसेट्समध्ये तर गेल्या दोनशे वर्षांत टिंबर रॅटलस्नेकच्या दंशाने कुणी गेल्याची नोंद नाही. तरीही क्वाबिनकाठच्या माणसांची भीती मला हसण्यावारी न्यावीशी वाटली नाही, कारण ज्या अंगणात आपली मुले खेळतात त्या अंगणाबद्दलची काळजी सरासरीच्या आकड्याने मिटत नसते. मला खटकले ते वेगळेच होते. त्या सगळ्या वादात या सापाविषयी जे बोलले गेले, ते जणू तो भराभर वाढणारा, पसरणारा, एकदा सोडला की आवरता न येणारा प्राणी आहे, अशा गृहीतावर उभे होते. प्रत्यक्षात याच्याइतका सावकाश जगणारा आणि सावकाश वाढणारा प्राणी इथल्या जंगलांत शोधूनही क्वचितच सापडेल.

रॅटलस्नेक फक्त अमेरिका खंडांत आढळतात. कॅनडाच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंत त्यांच्या चाळीसच्या आसपास जाती आहेत आणि वर्गीकरणाच्या मतभेदांप्रमाणे हा आकडा थोडा मागेपुढे होतो. आंबोलीच्या पावसाळी जंगलात झुडपावर वेटोळे घालून बसलेला चापडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या सापाची ओळख अर्धी तरी झालेली आहे, कारण दोघेही एकाच उपकुळातले आहेत. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध असलेला उष्णतासंवेदी खळगा ही त्यांची सामाईक खूण आहे. या खळग्यामुळे गडद अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब सापाला जाणवते. जनुकीय अभ्यासांवरून असे दिसते, की या सापांचे पूर्वज आशियातले असून ते बेरिंगच्या भूसेतूवरून अमेरिकेत गेले आणि शेपटीचा खुळखुळा ही गोष्ट तिकडे गेल्यानंतर घडली.

हा खुळखुळा केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याच्या, एकमेकांत सैलसर अडकलेल्या पोकळ कड्यांचा बनलेला असतो. साप प्रत्येक वेळी कात टाकतो तेव्हा एक कडे वाढते. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा कात टाकली जाते आणि टोकाची कडी तुटूनही जातात, म्हणून कडी मोजून सापाचे वय काढता येत नाही. शेपटीचे स्नायू सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा, न थकता, बराच वेळ आकुंचन पावू शकतात, आणि पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात इतके वेगवान व इतके चिवट स्नायू क्वचितच आढळतात. २०२१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठाच्या संशोधकांनी या आवाजाविषयी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. धोका जवळ येऊ लागतो तसा साप कंपनांचा वेग हळूहळू वाढवत नेतो, आणि एका ठरावीक अंतराच्या आत तो वेग एकदम कितीतरी वर चढवतो. ऐकणाऱ्या माणसाला त्यामुळे साप आहे त्यापेक्षा बराच जवळ असल्याचा भास होतो आणि तो वेळेत थांबतो. म्हणजे हा आवाज म्हणजे नुसती धमकी नव्हे. पाऊल पडण्याआधी दोघांमध्ये अंतर राखण्याची ती एक कसबी व्यवस्था आहे. विष तयार करायला सापाला शक्ती खर्चावी लागते, आणि जे आपले भक्ष्य नाही त्याच्यावर ते उधळणे त्याला परवडणारे नसते.

आता त्याच्या आयुष्याकडे येऊ, कारण माझ्या मते सगळे इथेच आहे. विल्यम ब्राउन या जीवशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत १९७८ पासून पुढे कित्येक दशके टिंबर रॅटलस्नेकचा मागोवा घेतला. एकेका सापाला खूण करायची, सोडायचे आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा गाठायचे, असे ते काम होते. त्यातून जे चित्र उभे राहिले ते थक्क करणारे आहे. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात मादी पहिल्यांदा पिल्ले घालते तेव्हा तिचे वय नऊ-दहा वर्षांचे असते. त्यानंतर पुढच्या खेपेपर्यंत तीन, चार, कधी पाच वर्षे जातात. एका खेपेला सहा ते दहा पिल्ले होतात, त्यांतली बरीचशी पहिल्या हिवाळ्यानंतर उरत नाहीत. अनेक माद्यांना आयुष्यात एकदा किंवा दोनदाच पिल्ले होतात. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, मोठा झालेला साप निसर्गात सहसा मरत नाही. तीस वर्षांहून अधिक जगलेले साप नोंदींत आहेत. ऑक्टोबरपासून एप्रिल-मेपर्यंत, म्हणजे अर्ध्याहून अधिक वर्ष, हे साप खडकांच्या खोल कपारींत शीतनिद्रेत असतात. ही जागा प्रत्येक सापाची ठरलेली असते, आईची तीच लेकीची. पिल्ले आपल्या पहिल्या हिवाळ्यात मोठ्या सापांच्या गंधाचा माग काढत तिथवर पोहोचतात, आणि त्याच कपारींकडे पिढ्यानपिढ्या ये-जा चालू राहते.

उन्हाळ्यात त्यांचे वागणे तितकेच संथ असते. टिंबर रॅटलस्नेक शिकारीच्या मागे धावत नाही. जंगलात आडवे पडलेले एखादे जुने खोड तो निवडतो, त्याच्याशी काटकोनात वेटोळे घालतो, हनुवटी खोडावर टेकवतो आणि वाट पाहत राहतो. उंदीर आणि छोट्या पट्टेरी चिपमंक खारी अशा खोडांवरून पळत जातात, हे त्याला माहीत असते. तासन्‌तास, कधी दिवसभर, तो हलत नाही. दंश होतो तो पापणी लवते न लवते तोच, आणि लगेच साप भक्ष्याला सोडून देतो; मग विष भिनून पडलेल्या उंदराचा माग तो गंधावरून शांतपणे काढतो. अशी जेवणे त्याला उन्हाळ्याच्या साऱ्या हंगामात मोजकीच लागतात.

एका ऑगस्टमध्ये, जाणकार मंडळींच्या सोबतीने, मी एक गाभण मादी दुर्बिणीतून पाहिली. डोंगराच्या दक्षिण उतारावर झाडी विरळ होऊन उघडा कातळ लागतो, तिथे ती उन्हात पसरली होती, पिवळसर अंगावर काळे नागमोडी पट्टे, आणि शेपूट मखमलीसारखी काळीभोर. गाभण माद्या पिल्लांची वाढ नीट व्हावी म्हणून उन्हाळाभर अशा कातळांवर ऊन घेत बसतात आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाहीत. बाळंत झाल्यावरही पिल्लांची पहिली कात पडेपर्यंत, सात-दहा दिवस, आई त्यांच्याजवळच थांबते. तोपर्यंत तिच्या अंगावरचे मांस इतके उतरलेले असते, की पुन्हा भरून यायला काही वर्षे लागतात, आणि काही माद्या त्या थकव्यातून उठतच नाहीत. तो कातळ कोणत्या डोंगरावर आहे, हे मी इथे लिहिणार नाही. या सापांबरोबर काम करणारी माणसे जागेचे नाव कधी उच्चारत नाहीत, आणि छायाचित्रे दाखवण्याआधी त्यांतली स्थळाची नोंद काढून टाकतात. चोरून साप पकडणारे आजही आहेत, आणि त्यांना एक कातळ सापडला तर एका दुपारीत ते डोंगराच्या साऱ्या लेकुरवाळ्या उचलून नेऊ शकतात.

मोठ्या माद्या ही या सापांच्या वस्तीची मुद्दल आहे, आणि तिच्यावरचे व्याज फारच थोडे व फार उशिरा मिळते. उंदरासारख्या प्राण्यात शंभरातले ऐंशी मारले तरी एका वर्षात भरपाई होते, कारण तिथे सगळा भर जन्मांवर आहे. इथे सगळा भर जगण्यावर आहे. पन्नास मोठ्या सापांच्या वस्तीतून दर वर्षी दोन-तीन जास्तीचे साप गेले, एक गाडीखाली, एक कुणाच्या कुदळीने, एक पिशवीतून, तर त्या वर्षी कुणाला काही जाणवत नाही, पुढच्या वर्षीही नाही. पंधरा-वीस वर्षांनी मात्र ती कपार रिकामी झालेली असते आणि ती कशामुळे झाली, असे बोट ठेवून दाखवता येण्यासारखी एकही घटना सापडत नाही. हा साप मेन आणि ऱ्होड आयलंड या राज्यांतून नाहीसा झाला तो असाच. कॅनडात तो शेवटचा १९४१ मध्ये, ओंटारियो प्रांतात दिसला.

त्याच्या असण्याचा उपयोग काय, असा प्रश्न मला इथले शेजारी विचारतात आणि तो मला गैर वाटत नाही. ईशान्य अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर देताना लाइम रोगाचे नाव घ्यावे लागते. या रोगाचे जंतू गोचिडीमार्फत माणसात येतात, आणि गोचिडीच्या पिल्लांना ते बहुतेकदा पांढऱ्या पायांच्या उंदरांच्या रक्तातून मिळतात. अमेरिकेत दर वर्षी पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. बागेतून घरात आल्यावर मुलांचे कान, मान, गुडघ्यामागची जागा तपासणे हा आमच्याकडचा उन्हाळ्यातला नित्यनेम आहे. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये असे गणित मांडले, की टिंबर रॅटलस्नेक जे उंदीर व इतर छोटे प्राणी खातात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी धरल्या तर अभ्यासलेल्या प्रत्येक ठिकाणी वर्षाला अडीच ते साडेचार हजार गोचिडी कमी होतात. हे गणित सापांच्या आहारावरून काढलेले आहे, आणि साप आले की लाइम गेला, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. उंदरांची संख्या मुळात ओकच्या झाडांना कोणत्या वर्षी किती फळ धरते यावरही ठरते. पण जो शिकारी अगदी थोडक्यावर जगतो, उंदरांच्या वाटांवरच बसतो आणि त्याच उतारावर तीस-तीस वर्षे टिकून राहतो, तो डोंगरातून काढून टाकल्यावर काहीच फरक पडणार नाही, असे म्हणण्याला आधार नाही.

त्याहून मला अधिक मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की या सापाभोवती इतर प्राण्यांची आयुष्ये लाखो वर्षांत घडत गेली आहेत. कॅलिफोर्नियातल्या जमिनीत बिळे करणाऱ्या खारींचे उदाहरण घ्या. त्यांच्या प्रौढांच्या रक्तात रॅटलस्नेकच्या विषाला बऱ्याच अंशी निष्प्रभ करणारी प्रथिने असतात, म्हणून साप दिसल्यावर त्या पळून जाण्याऐवजी त्याच्या पुढ्यात येतात, त्याच्यावर माती उडवतात आणि शेपूट झेंड्यासारखी हलवतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिले तेव्हा कळले, की समोर रॅटलस्नेक असताना खार शेपटीत रक्त सोडून ती तापवते. समोर उष्णता न जाणणारा बिनविषारी गोफर साप असेल तर ती तापवत नाही. मग त्यांनी एक यांत्रिक खार बनवली, तिची शेपूट कधी गरम, कधी थंड ठेवून हलवली, आणि गरम शेपटीपुढे साप अधिक सावध पवित्रा घेतो, हे दाखवले. आपल्याला डोळ्यांनी कधीच न दिसणारी ही भाषा या दोन प्राण्यांनी एकमेकांसाठीच घडवलेली आहे. जिथे हे साप नाहीत, तिथल्या खारींच्या रक्तातली ती प्रतिकारशक्तीही कमी आढळते. वाळवंटी भागातल्या रॅटलस्नेकच्या पोटात, गालाच्या पिशव्यांत बी साठवणाऱ्या उंदरांबरोबर गेलेल्या शेकडो बिया मिळाल्या, आणि त्यांतल्या काही सापाच्या आतड्यातच रुजू लागल्या होत्या, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदवले आहे. उंदराने त्या बिया खाऊन टाकल्या असत्या. सापामुळे त्या वाचल्या आणि दुसरीकडे पडल्या.

माणसाच्या कामी येणारी एक गोष्ट सांगून टाकते. हृदयविकाराच्या झटक्यात आणि अँजिओप्लास्टीच्या वेळी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे एप्टिफिबाटाइड हे औषध पिग्मी रॅटलस्नेकच्या विषातल्या एका प्रथिनावरून घडवले गेले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

एवढे असून या सापाच्या वाट्याला काय आले, ते पाहावे. अमेरिकी क्रांतीच्या काळात, १७७५ मध्ये, पिवळ्या झेंड्यावर वेटोळे घातलेला रॅटलस्नेक आला. तो स्वतःहून हल्ला करत नाही, सूचना दिल्याशिवाय चावत नाही आणि एकदा भिडला की माघार घेत नाही, अशी त्याची थोरवी त्या वेळी वर्तमानपत्रात गायली गेली. तो लेख बेंजामिन फ्रँकलिनचा असल्याचे मानले जाते. त्याच देशातल्या राज्यांनी पुढे त्याच्या शेपटीवर इनाम ठेवले. व्हरमाँटमध्ये हे इनाम १९७१ पर्यंत आणि मिनेसोटात १९८९ पर्यंत चालू होते. इनामासाठी साप मारणारा माणूस जंगलभर भटकत नसे. तो वसंतात कपारींच्या तोंडाशी जाई, नाहीतर उन्हाळ्यात कातळांवर, आणि तिथे त्याला मिळत त्या नेमक्या गाभण माद्या. एका शेपटीच्या मोबदल्यात दहा वर्षांची वाढ आणि पोटातली सगळी पिल्ले जात असत.

टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावात १९५८ पासून दर मार्चमध्ये रॅटलस्नेक पकडून आणण्याचा मोठा उत्सव भरतो. गुरांना आणि माणसांना होणारा त्रास कमी करावा, हा त्याचा मूळ हेतू होता, आणि त्यातून जमणारा पैसा गावातल्या धर्मादाय कामांना जातो, हेही खरे आहे. पण बिळांत पेट्रोलच्या वाफा सोडून साप बाहेर काढण्याची तिथली रीत त्या बिळांत राहणाऱ्या इतर साऱ्या जिवांनाही बाधते. आणलेले साप वजनावर मोजले जातात. २०१६ मध्ये चोवीस हजार पौंडांहून अधिक वजनाचे साप आले होते. मला या वजनकाट्याचे विशेष वाईट वाटते. वजनावर पैसा मिळतो तेव्हा सर्वांत मोठा साप सर्वांत किमती ठरतो, आणि सर्वांत मोठा म्हणजे सर्वांत जुना, म्हणजेच ज्याच्या जगण्यावर ती वस्ती उभी असते तो. टेक्सासचा वेस्टर्न डायमंडबॅक अजून विपुल आहे. आग्नेयेकडचा ईस्टर्न डायमंडबॅक, जो सगळ्या रॅटलस्नेकमध्ये सर्वांत मोठा, त्याचे तसे नाही. तो ज्या लाँगलीफ पाइनच्या जंगलांत राहतो, ती एके काळी नऊ कोटी एकरांवर पसरलेली होती आणि आता त्यांचा फारच छोटा अंश उरला आहे.

पण याच आग्नेय भागात उत्सवांचे रूप बदललेले दिसते. जॉर्जियातल्या क्लॅक्स्टन गावाने २०१२ मध्ये साप पकडून आणण्याची प्रथा बंद करून त्याच दिवसांत वन्यजीव महोत्सव सुरू केला आणि २०२२ मध्ये त्याच राज्यातल्या व्हिगम गावानेही साप मारणे सोडले. यात्रा राहिली, गर्दी राहिली, लहान मुले साप बघायला येत राहिली. आमच्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी माझ्या डोळ्यांपुढे आहे. मडक्यांतून ठेवलेले जिवंत नाग, त्यांची पूजा, मिरवणूक आणि नंतर त्यांना पुन्हा रानात सोडणे, या गोष्टींवर आमच्या गावकीचा जीव होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रीत थांबली, तेव्हा घरोघरी झालेली हळहळ मी ऐकली आहे. तिथे साप मारत नसत, उलट देव मानत, त्यामुळे दोन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही दोन्हीकडे मला हेच दिसते, की गावाचा जीव त्या दिवशी एकत्र जमण्यात असतो, आणि सापाला न पकडताही ते जमणे होऊ शकते. व्हिगमच्या लोकांना हे कुणी न्यायालयातून सांगितले नाही, त्यांनी स्वतः ठरवले. असा बदल मला अधिक टिकाऊ वाटतो.

साप वाचवायचा म्हणून त्याला उचलून लांब सोडणे, हा सद्‌भावनेने केला जाणारा आणि तरीही घातक ठरणारा उपाय आहे, हे महाराष्ट्रातल्या सर्पमित्रांनीही ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते. पेनसिल्व्हेनियात टिंबर रॅटलस्नेक नव्या जंगलात नेऊन सोडण्यात आले, तेव्हा त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण तिथल्या मूळच्या सापांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. ते दिशाहीन भटकत राहिले, आणि हिवाळा आला तेव्हा कुठली कपार गोठणार नाही, हे त्यांना माहीत नव्हते. या सापाचे आयुष्य एका जागेच्या ओळखीवर उभे असते. अंगणात आलेला साप त्याच्याच परिसरात, थोड्याच अंतरावर, सोडणे म्हणून योग्य.

माणसाच्या हातात नसलेले संकटही आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात या सापाची एकच वस्ती उरली होती, तिच्यातल्या सापांच्या तोंडावर आणि अंगावर २००६ मध्ये फोड आणि व्रण दिसू लागले, आणि वर्षभरात वस्ती निम्म्यावर आली. तो उन्हाळा विलक्षण पावसाळी होता. असे व्रण करणारी ऑफिडिओमायसिस ओफिडिइकोला नावाची बुरशी आता अनेक राज्यांतल्या सापांवर आढळते. इतर ठिकाणचे साप तिच्यातून बरेचदा सावरतात, कात टाकून व्रण झडतातही. न्यू हॅम्पशायरची वस्ती मात्र इतकी लहान आणि इतकी एकाकी होती, की तिच्यात जनुकीय वैविध्य जवळजवळ उरलेच नव्हते. ओला उन्हाळा, बुरशी आणि जवळच्या नात्यांतले प्रजनन असे तिन्ही एकत्र आले. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात, रस्त्यांनी तोडलेल्या कपारींतल्या सापांमध्येही हेच वैविध्य घटलेले दिसले, आणि ते रस्ते होऊन सापांच्या मोजक्याच पिढ्या गेल्या होत्या. जुलै-ऑगस्टमध्ये जोडीदार शोधत नर कित्येक किलोमीटर फिरतात, तेच एका डोंगराचे रक्त दुसऱ्या डोंगरात नेतात, आणि तेच डांबरी रस्त्यावर चिरडले जातात. टिंबर रॅटलस्नेकला रस्ता ओलांडायला वेळ लागतो, आणि गाडी जवळ आली की तो पळण्याऐवजी जागीच थबकतो.

हे प्राणी एकएकटे, थंड आणि निर्मम असतात, हा समज अलीकडे मोडीत निघतो आहे. रूलन क्लार्क या संशोधकाने २००४ मध्ये दाखवले, की जन्मानंतर वेगळ्या ठेवलेल्या टिंबर रॅटलस्नेकच्या सख्ख्या बहिणी दोन वर्षांहून अधिक काळाने एकत्र आणल्या, तर परक्या माद्यांपेक्षा एकमेकींच्या अधिक जवळ वेटोळे घालून बसतात. कोलोराडोमध्ये प्रेअरी रॅटलस्नेकच्या एका मोठ्या वसतिस्थानावर कॅलिफोर्नियातील कॅल पॉली विद्यापीठाच्या एमिली टेलर यांच्या गटाने कॅमेरा बसवला आहे, आणि त्याचे थेट चित्रण कुणालाही घरबसल्या पाहता येते. गाभण माद्या एकत्र बसतात, पिल्ले एकमेकांवर रचून ऊन खातात, पाऊस आला की अंगाच्या वेटोळ्यात जमलेले पाणी पितात. ज्यांनी आयुष्यात साप म्हटल्यावर काठीच शोधली, असे लोक तिथे तासन्‌तास बसून एकेका मादीला नावाने ओळखू लागले आहेत. माझ्या आईला मी हे चित्रण फोनवर दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "बाळंतिणीजवळ कुणीतरी बसलेलं असतंच बघ."

दक्षिण इलिनॉयमध्ये, शॉनी राष्ट्रीय वनात, लारू नावाचा एक रस्ता आहे. एका बाजूला चुनखडीचे उंच कडे, दुसऱ्या बाजूला दलदल, आणि मधून जाणारा सुमारे चार किलोमीटरचा कच्चा मार्ग. कड्यांत हिवाळा काढणारे साप वसंतात त्या रस्त्यावरून खाली उतरतात आणि शरदात परत वर जातात. त्यांत टिंबर रॅटलस्नेकही असतात. १९७२ पासून वन विभाग दर वर्षी १५ मार्च ते १५ मे आणि १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर हा रस्ता गाड्यांना बंद ठेवतो. पायी जाणाऱ्यांना मोकळीक असते, आणि दूरदूरहून माणसे त्या दिवसांत तिथे मुद्दाम चालायला येतात. सापाला हात लावायला बंदी आहे. फाटक लावायला आणि काढायला वर्षातून चार वेळा कुणीतरी जावे लागते, एवढाच त्याचा व्याप. आमच्या भागातही असे काही आडरस्ते आहेत, जे कपारी आणि उन्हाळी जंगल यांच्या मधून जातात आणि ज्यांवरून दिवसाला मोजक्या गाड्या धावतात. पुढच्या गावसभेत, त्यांपैकी एक रस्ता वसंतात आणि शरदात काही आठवडे बंद ठेवावा, असा अर्ज मी आणि माझे काही शेजारी देणार आहोत. त्या अर्जात आम्ही सापांची जागा लिहिलेली नाही, फक्त तारखा लिहिल्या आहेत.